सुट्टीत छान, घरी आला की खोकला : मुलांचा अ‍ॅलर्जीचा दमा आणि आतली सूज

जास्वंदी_ठाणे | २४ जून, रात्री १०.२०

बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. आज लेक न खोकता झोपलाय, म्हणून बसले.

मुलगा आठ वर्षांचा. चार वर्षांचा असताना पहिल्यांदा छातीत घरघर झाली, तेव्हापासून दर पावसाळ्यात दोन-तीनदा तरी नेब्युलायझर लावावा लागतो. गेल्या वर्षी त्याची अ‍ॅलर्जीची टोचणीची चाचणी केली. हातावर ओळीने थेंब, प्रत्येक थेंबावर बारीक टोच, आणि मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. त्या वयाच्या पोराला ते किती जड जातं! धुळीतल्या माइट नावाच्या बारीक जिवाची गांधी सगळ्यांत मोठी उठली, त्याखालोखाल झुरळाची. बाकी हात कोरा.

माझं माहेर दहिवडीच्या पुढे, माण तालुक्यात. मे महिन्यात आम्ही पाच आठवडे तिथे होतो. रात्री अंगणात बाजेवर झोपणं, दिवसभर उनाडणं. तिथेही धूळ काही कमी नव्हती, उलट पायाला लागून घरात यायची. मी पीक फ्लो मीटर (फुंकर किती जोरात जाते ते मोजणारं; आकडा मोठा तितकं बरं) बरोबर नेलं होतं. सकाळी उभं राहून तीनदा फुंकायचं आणि त्यातला मोठा आकडा वहीत लिहायचा. गेलो तेव्हा २१० होता, पंधरा दिवसांत २४० वर गेला आणि तिथेच राहिला.

५ जूनला ठाण्याला परत आलो. आमचं घर तळमजल्यावर, खाडीच्या बाजूला. पहिले आठ-दहा दिवस आकडा हलला नाही. मग २३०, २२०, २१०, परवा १९५. खोकला मात्र फक्त गेल्या तीन रात्रींचा आहे. म्हणजे आकडा आधी घसरला, खोकला मागून आला. ही गोष्ट मला वही उलटी चाळताना दिसली आणि पोटात गोळाच आला. डॉक्टरांनी फुंकायची दुसरी एक चाचणी केली, फेनो म्हणतात तिला. ती ५२ आली. "आत सूज आहे, रोजचा पंप बंद करू नका" म्हणाले.

सासूबाईंचं म्हणणं, पोर हसतंय खेळतंय तर औषध कशाला? खरं सांगायचं तर मलाही हे नीट कळलेलं नाही. लक्षण नसताना सूज कशी असते? ती नेमकी कशाने वाढते? आणि माहेरी अशी काय जादू होते? कुणी समजावून सांगेल का?

सह्यकडा | २४ जून, रात्री १०.५१

अगदी आमच्याच घरची गोष्ट. मुलगी दहा वर्षांची, पुण्यात असतो. वाचतेय.

बालवैद्य_नाशिक | २५ जून, सकाळी ७.१०

जास्वंदीताई, तुमची वही फार मोलाची आहे. आकडा आधी आणि खोकला नंतर, हे आम्ही पालकांना दवाखान्यात सांगून सांगून थकतो. तुम्ही ते स्वतःच्या हाताने टिपलंत.

मी मुलांचा डॉक्टर आहे. इथे कुणाच्या मुलाचा डोस ठरवणार नाही, फक्त आत काय घडतं ते सांगतो.

माइट हा कोळ्याच्या कुळातला जीव, मिलिमीटरच्या पाव भागाएवढा. गादीत, उशीत राहतो आणि आपल्या अंगावरून झडणारी कातडीची भुकटी खातो. तो चावत नाही. त्रास होतो तो त्याच्या विष्ठेचा. एकेक कण साधारण २० मायक्रॉनचा असतो आणि त्यात 'डर पी १' नावाचं प्रथिन असतं. ते पचनाचं द्रव्य आहे, म्हणजे प्रथिनं तोडणं हेच त्याचं काम. श्वासनलिकेच्या अस्तरावर बसलं की तिथल्या पेशींना एकमेकींशी जोडणारे टाके ते सैल करतं. अस्तरातल्या पेशी धोक्याची हाक देतात आणि त्या हाकेने प्रतिकारशक्तीची एक विशिष्ट फळी जागी होते. या फळीचे निरोप इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ नावाची द्रव्यं पोचवतात. ४ आणि १३ मुळे आयजीई नावाचं प्रतिपिंड तयार होतं, १३ मुळे कफही वाढतो, आणि ५ मुळे रक्तातल्या इओसिनोफिल पेशी फुप्फुसाकडे धाव घेतात.

आयजीई प्रतिकारशक्तीच्या 'मास्ट' नावाच्या पेशींवर चिकटून वाट बघत बसतं. पुढच्या वेळी तोच कण आला की मास्ट पेशी फुटून हिस्टामिन वगैरे सोडतात. दहा-वीस मिनिटांत नळी आकसते, मूल खोकतं, तास-दोन तासांत मोकळं होतं. हे सगळ्यांना दिसतं. पण अनेक मुलांमध्ये तीन ते आठ तासांनी दुसरी लाट येते. ती आकसण्यापेक्षा सुजेची असते. म्हणून संध्याकाळी गादी झटकली आणि पोर रात्री दोनला उठून बसलं, तर आईला त्या दोन गोष्टींचा संबंध लागत नाही.

ही दुसरी लाट ओसरल्यावरही नळी बरेच दिवस चिडकी राहते. कॉक्रॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारं द्रव्य) एकदा हुंगवल्यावर रुग्णाची श्वासनलिका दुसऱ्याच, अ‍ॅलर्जीशी काही नातं नसलेल्या द्रव्यांनाही जास्त आकसून दाखवते. मग थंड हवा, उदबत्ती, फोडणीचा ठसका, खदखदून हसणं, कशानेही खोकला येतो. आपण दोष देतो फोडणीला, आणि सुरुंग पेरून ठेवलेला असतो उशीने.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मूल रोज आठ-नऊ तास उशीत नाक खुपसून झोपतं. एका श्वासात झटका यावा एवढे कण त्यात नसतात, पण थोडे थोडे रोज आत जातात. गुडघ्यावरची खपली कुणी रोज नखाने काढत राहिलं तर जखम रक्तबंबाळ होत नाही, पण भरतही नाही. तसंच हे. सूज आहे, लक्षण नाही. फेनो हीच सूज मोजतं. सुजलेलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड वायू जास्त तयार करतं, तो उच्छ्वासात उतरतो. मुलांमध्ये २० पीपीबीच्या (हवेच्या अब्ज भागांत किती भाग, ते माप) खाली असेल तर कमी धरतात, ३५ च्या वर गेलं तर जास्त. तुमचं ५२ आहे. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड याच सुजेवर काम करतं. तो निळा पंप असतो ना, तो फक्त आकसलेली नळी मोकळी करतो. सुजेला तो हातही लावत नाही.

मातीचा_गंध | २५ जून, सकाळी ९.३५

माझा अनुभव वेगळा आहे आणि तो मी मनापासून सांगतोय. मुलाला दोन वर्षं पंप दिला, शेवटी सोडवला. पंपाची सवय लागते, उंची खुंटते असं ऐकलं होतं. केळं, दही, थंड पाणी बंद केलं. आता दोन वर्षं बरा आहे.

बालवैद्य_नाशिक | २५ जून, दुपारी २.१५

मातीचा_गंध, मुलगा बरा आहे हे वाचून आनंद झाला. वयाबरोबर काही मुलांचा दमा शांत होतो, तुमच्याकडे तसं झालेलं असू शकतं.

उंचीचा प्रश्न अगदी रास्त आहे, तो मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेत मुलांच्या एका मोठ्या गटावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. २०१२ मध्ये निकाल आला : लहानपणी रोज ब्युडेसोनाइड (पंपातलं एक स्टिरॉइड) घेतलेल्यांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटरने कमी भरली. म्हणजे परिणाम आहे, आणि एवढा आहे. म्हणूनच आम्ही सूज ताब्यात राहील असा कमीत कमी डोस शोधतो. पण ज्या घरात अ‍ॅलर्जन कमी होतो तिथे तो डोस उतरवायला वाव मिळतो, हेही लक्षात घ्या. घर आणि औषध ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

सवय लागत नाही. पंप थांबवल्यावर खोकला परततो तो सूज गेलेली नसते म्हणून. केळ्या-दह्याबद्दल एवढंच म्हणेन की चाचणीत किंवा नीट टिपलेल्या अनुभवात त्रास दिसला तरच बंद करा. वाढत्या मुलाचं जेवण अंदाजाने कापू नका.

लायडनकर | २५ जून, रात्री ११.०५ (भारतीय वेळ)

जास्वंदी, तुमच्या माहेरच्या 'जादू'वर युरोपात खूप काम झालंय. मी लायडनला प्रयोगशाळेत काम करतो, आणि धुळीतला खरा अपराधी माइट आहे हे दाखवणारं काम याच गावातलं, फोरहोर्स्ट आणि स्पिक्स्मा यांचं, १९६४ च्या सुमाराचं. नेदरलँड्स म्हणजे ओलाच ओला, बरीच जमीन समुद्राच्या पातळीखालची. माइटला दुसरं काय हवं! त्याला तोंडाने पाणी प्यावं लागत नाही, तो हवेतली वाफ अंगावाटे शोषून घेतो. खोलीतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की वाळून मरतो.

म्हणून डच लोक आपले दम्याचे रुग्ण स्वित्झर्लंडमधल्या दावोसला, सुमारे १,५६० मीटरवर पाठवत. पण मुलांबद्दलची सगळ्यांत बोलकी गोष्ट इटलीतली आहे. डोलोमाइट पर्वतांत मिझुरिना नावाचं तळं आहे, साधारण १,७५० मीटरवर. तिथे दम्याच्या मुलांसाठी निवासी संस्था होती. मुलं महिनोन्‌महिने राहत, तिथेच शाळेत जात. व्हेरोना विद्यापीठातले बोनर, पियाचेंतिनी, पेरोनी हे डॉक्टर १९८० च्या दशकापासून या मुलांची तपासणी करत आले. मुलं बहुतेक माइटची अ‍ॅलर्जी असलेली.

वर गेल्यावर काय झालं? श्वासनलिकेचा चिडकेपणा कमी झाला. खाकरून काढलेल्या कफातल्या इओसिनोफिल पेशी घटल्या. उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड उतरला. फुप्फुसात कोंडून राहणारी हवा कमी झाली. आणि सुट्टीला, सणाला मुलं खाली घरी गेली, माइटच्या संगतीत पुन्हा राहिली, की सुजेच्या खुणा परत वर. तीच मुलं, तोच आजार, बदलली ती गादी आणि हवा. तुमच्या वहीत मे आणि जून शेजारी शेजारी आहेत ना, तेच हे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डोंगरावर फक्त माइट कमी नसतात. गाड्यांचा धूर कमी, सर्दीचे विषाणू कमी, औषध वेळेवर, खेळणं भरपूर. सगळं श्रेय माइटच्या अभावाला देता येत नाही. पण खाली उतरल्यावर सूज परतते, ते बघता त्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत.

कृष्णाकाठ | २६ जून, सकाळी ८.००

मग पावसाळ्यात महिनाभर महाबळेश्वरला ठेवलं तर? तेही उंचावर आहे.

लायडनकर | २६ जून, दुपारी १.३०

नको, नको! उंचीचा स्वतःचा काही गुण नाही, गुण कोरडेपणाचा. आल्प्समध्ये वरची हवा थंड आणि कोरडी, म्हणून माइट टिकत नाहीत. इक्वेडोरमधलं क्विटो २,८०० मीटरवर आहे, पण हवा दमट, आणि तिथल्या घरांत माइट मजेत नांदतात. महाबळेश्वरला पावसाळ्यात भिंतींना पाणी सुटतं, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या चपलेवर बुरशी चढते. तिथे तर माइट आणि बुरशी दोन्ही. त्यापेक्षा जास्वंदींचं माण परवडलं. पर्जन्यछायेतला मुलूख, मे महिन्यातली वाळवून टाकणारी हवा, आणि महत्त्वाचं म्हणजे बाज! सुंभाची किंवा नवारीची बाज, वर एक चादर. गादीच नाही. पायाला लागून येणारी ती रानातली धूळ आणि गादीतली धूळ, दोन्हीला आपण 'धूळ' म्हणतो, पण मुलाच्या श्वासनलिकेला त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

जास्वंदी_ठाणे | २६ जून, रात्री ९.४५

बाज! हे मला सुचलंच नव्हतं. मी मोकळ्या हवेचं कौतुक करत बसले होते.

आज त्याची उशी उसवली. लग्नात आईने दिलेली, कापसाची. आत कापसाचे गोळे झालेत, खिडकीतून ऊन येत होतं त्यात पिवळट भुगा तरंगताना दिसला. ती पिशवीत बांधून बाहेर टाकली. डोळे भरून आले, पण टाकली.

चाळकरी | २७ जून, सकाळी ६.५०

तुमच्या मुलाला झुरळाचीही गांधी आली म्हणताय, त्याकडे दुर्लक्ष करू नका. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, चार माणसं. मुलीची चाचणी केली तर माइट थोडा आणि झुरळ मोठं.

अमेरिकेत आठ शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या ४७६ मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. झुरळाची अ‍ॅलर्जी ३६.८ टक्के मुलांना. ज्यांना अ‍ॅलर्जी होती आणि झोपायच्या खोलीत झुरळाचा अ‍ॅलर्जनही भरपूर होता, त्यांची दवाखान्यात भरती बाकीच्यांच्या तिपटीहून जास्त : दर मुलामागे वर्षाला ०.३७ वेळा विरुद्ध ०.११. नुसती अ‍ॅलर्जी असून किंवा नुसती झुरळं असून एवढं होत नव्हतं, दोन्ही एकत्र लागत होतं. आमची तर झोपायची खोली, स्वयंपाकघर आणि मोरी एकच!

आम्ही आधी फवारा मारायचो. त्या वासाने पोरगी निळीजांभळी व्हायची. आता जेलचे ठिपके लावतो : शेगडीच्या पायाखाली, मोरीच्या कट्ट्याच्या फटीत, मांडणीच्या मागे, फ्रिजच्या मोटारीजवळ. झुरळं मेली तरी काम संपत नाही हे उशिरा कळलं. त्यांची विष्ठा, कात, तुकडे हेच अ‍ॅलर्जन. म्हणून मांडणी भिंतीपासून ओढून साबणाच्या पाण्याने पुसणं, खरकटं रात्री न ठेवणं, पिठाचे डबे घट्ट. आणि शेजारची खोली केली नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा येतात. आम्ही मजल्यावरच्या नऊ खोल्यांनी वर्गणी काढून एकाच दिवशी केलं. तो पावसाळा मुलीचा पहिल्यांदा भरतीशिवाय गेला.

सह्यकडा | २७ जून, सकाळी १०.१२

चाळकरी, नऊ खोल्या एकाच दिवशी! मानलं तुम्हाला.

आमच्या मुलीला गाजरगवत आणि इतर गवतांचे परागकण. सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे, पावसाळा सरता सरता तो पांढऱ्या फुलांनी भरून जातो. १९५० च्या दशकात पुण्याच्या परिसरात हे गवत पहिल्यांदा दिसलं म्हणतात, आता ते नाही असं ठिकाण दाखवा. त्या दोन-तीन महिन्यांत तिची छाती भरते, बाकी वर्ष नाक सोडलं तर बरी. मागच्या वर्षी फूल धरायच्या आधी, पाऊस पडून माती मऊ असताना, आम्ही मोठ्यांनी हातमोजे घालून ते मुळासकट उपटलं. मुलांना लांब ठेवून.

माऊची_मावशी | २७ जून, दुपारी ४.०३

घरात मांजर आहे, मुलाला दमा आहे. काय करू? विचारायलाच भीती वाटतेय.

बालवैद्य_नाशिक | २७ जून, रात्री ९.२०

आधी चाचणी करा. मांजराची अ‍ॅलर्जीच नसेल तर माऊने कुठे जायचं? असेल तर मात्र अवघड आहे. मांजराचा अ‍ॅलर्जन माइटसारखा जड नसतो. माइटचे कण गादी झटकल्यावर अर्ध्या तासात खाली बसतात, मांजराचे बारीक आणि चिकट असतात, ते तासन्‌तास तरंगतात आणि कपड्यांवर बसून दुसऱ्यांच्या घरी जातात. स्टॉकहोममध्ये २००१ मध्ये हे शाळेतच दिसलं होतं. मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या, पण घरी मांजर नसलेल्या मुलांचा दमा सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर बळावला, आणि तो ज्या वर्गात मांजरवाली मुलं जास्त होती तिथे. मांजर दुसरीकडे दिलं तरी घरातला अ‍ॅलर्जन उतरायला काही महिने लागतात.

शाळेवरून आठवलं. जूनमध्ये सगळे म्हणतात, पाऊस लागला म्हणून दमा आला. पाऊस ओल आणतो हे खरं, पण त्याच आठवड्यात शाळा सुरू होते आणि वर्गातली सर्दी घरी येते. मँचेस्टरमध्ये मुलांवर झालेला २००६ चा अभ्यास आहे : अ‍ॅलर्जी आहे, घरात त्याच अ‍ॅलर्जनचं प्रमाण जास्त आहे आणि विषाणूही लागलाय, असं तिन्ही जुळलं तर दम्याने भरती व्हायची शक्यता जवळजवळ एकोणीस पटींनी वाढलेली दिसली. सुजलेल्या अस्तरावर 'आयकॅम १' नावाचे खिळे जास्त उगवतात, आणि सर्दीचे बरेचसे ऱ्हायनोव्हायरस नेमके त्याच खिळ्याला धरून पेशीत शिरतात. म्हणजे गादीतला माइट सर्दीला दार उघडून देतो. जास्वंदीताई, तुमच्या लेकाचा आकडा आधी हळूहळू घसरला आणि खोकला शेवटी आला. मधे घरात कुणाला सर्दी झाली होती का?

जास्वंदी_ठाणे | २७ जून, रात्री १०.०१

हो! २० तारखेला त्याला स्वतःलाच. शिंका, नाक गळणं. २१ पासून रात्रीचा खोकला.

आकडेमोड | २८ जून, सकाळी ११.४०

चर्चा उत्तम चाललीय, पण दुसरी बाजूही यायला हवी. २००८ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणारी संस्था) माइट कमी करण्याच्या उपायांवरच्या पन्नासहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष काढला की दम्यात त्याचा उपयोग दिसत नाही. गाद्यांची खास कव्हरं महाग असतात. बेताच्या कमाईचे पालक घाबरून त्यात पैसे घालतील आणि औषधाला कमी पडतील, ही माझी काळजी आहे.

लायडनकर | २८ जून, दुपारी ३.१५

आकडेमोड, काळजी अगदी योग्य. त्या चाचण्यांमध्ये मोठी माणसंही होती, आणि पुष्कळ ठिकाणी उपाय करूनही अ‍ॅलर्जन फारसा उतरलाच नव्हता. अ‍ॅलर्जन उतरला नाही तर सूज कशी उतरावी? मुलांपुरतं बघायचं तर २०१७ ची मँचेस्टरची चाचणी बघा. माइटची अ‍ॅलर्जी असलेली, दम्याच्या झटक्याने नुकतीच इस्पितळात येऊन गेलेली २८४ मुलं. निम्म्यांना माइटचे कण अडवणारी गादी-उशी-पांघरुणाची कव्हरं, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. वर्षभरात झटका येऊन इस्पितळ गाठावं लागलं ते अनुक्रमे २९.३ आणि ४१.५ टक्क्यांना. आणि २००४ ची अमेरिकेची चाचणी, ९३७ मुलं : ज्याला ज्याची अ‍ॅलर्जी त्यावरच नेमका उपाय, झोपायच्या खोलीपासून सुरुवात, सोबत घरच्यांना शिकवणं. तिथे दर दोन आठवड्यांमागे त्रासाचे दिवस उपाय न केलेल्या गटात ४.२, तर उपाय केलेल्या गटात ३.४ च्या आसपास. फरक अफाट नाही, पण औषधाच्या वरचा आहे.

म्हणून माझं मत : चाचणी न करता घर उलथंपालथं करू नका. आणि चाचणीत जे आलं त्यावर अर्धवट उपायही करू नका. पैसे कमी असतील तर सगळ्यांत आधी औषध, मग फक्त उशी आणि गादी.

गोधडी | २८ जून, सायंकाळी ६.३०

मी नगरकडची, वय ६४. नातवाला दमा आहे म्हणून हे सगळं शिकले. नवरात्राच्या आधी आमच्याकडे घरातलं चिंधूकही न ठेवता धुवायची रीत. गोधड्या ओढ्यावर न्यायच्या, खडकावर आपटायच्या, दिवसभर उन्हात तापवायच्या, संध्याकाळी गरम गरम घडी घालायची. त्या उबेचा वास अजून नाकात आहे. पावसाळाभर ओल खाल्लेली अंथरुणं भाद्रपदाच्या उन्हात वाळवायची, याला केवढा अर्थ होता!

डॉक्टरांनी सांगितलं की गार पाण्याने धुतलं तरी त्रास देणारं द्रव्य बरंचसं वाहून जातं, पण जीव मरत नाही. ५५-६० अंशांचं पाणी असेल तर मरतो. आणि कडक ऊन मिळालं, पातळ अंथरूण पूर्ण तापलं, तर उन्हानेही मरतो. ऊन नसेल तर कापडी खेळणी पिशवीत बांधून एक दिवस फ्रीजरमध्ये ठेवायची, मग धुवायची. नातवाचा हत्ती दर महिन्याला बर्फात जातो.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. पहिल्या वर्षी मी माळा झाडला तेव्हा नातू खालीच खेळत होता. काही झालं नाही म्हणून मी निर्धास्त. रात्री एकला धाप लागली. वर डॉक्टरांनी ती दुसरी लाट लिहिलीय ना, वाचताना अंगावर काटा आला. आता माळा, ट्रंका, गणपतीच्या मखराची खोकी काढायची तर नातवाला आधी शेजारी पाठवते, ओल्या फडक्याने पुसते आणि त्या रात्री त्याला दुसऱ्या खोलीत झोपवते.

सह्यकडा | २८ जून, रात्री ८.१४

वाचनखूण साठवली. काकू, नमस्कार.

जास्वंदी_ठाणे | १२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

धागा वर काढतेय.

जूनअखेरीपासून काय केलं : नवी उशी, तिला आणि गादीला चेनवाली दाट विणीची कव्हरं. चादर-अभ्रे दर रविवारी मशीनच्या ६० अंशांवर. त्याच्या खोलीतला गालिचा आणि जाड पडदे काढले. ओल आलेली भिंत खरवडून घेतली, बाहेरचा गळका पाइप सोसायटीकडून बदलून घ्यायला दोन महिने भांडले. झुरळांसाठी चाळकरींचे जेलचे ठिपके. आणि रोजचा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून, मग चूळ. एकही दिवस चुकवला नाही.

जुलैत एक सर्दी झाली, आकडा २०५ पर्यंत गेला, पण दोन दिवसांत वर आला. नेब्युलायझर या पावसाळ्यात एकदाही लागला नाही. गेल्या आठवड्यात पीक फ्लो २४५, फेनो २६. यातलं किती पंपाचं आणि किती गादीचं, मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, अजून तीन महिने असंच राहिलं तर डोस कमी करून बघू.

आता दिवाळीला सासरी, गुहागरजवळ जायचंय. मातीचं जुनं घर, माडीवर सासऱ्यांच्या वेळच्या कापसाच्या गाद्या. धास्ती वाटतेय. काय काळजी घेऊ?

गोधडी | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.१५

उशी आणि तिचा अभ्रा आपला न्यायचा. कापसाच्या गादीवर निजवूच नका. सतरंजी, त्यावर धुतलेली चादर, पुरे. जायच्या आठ दिवस आधी सासूबाईंना फोन करा, म्हणजे माडी तुम्ही पोचायच्या आधी झाडून होईल. तुम्ही गेल्यावर नको.

बालवैद्य_नाशिक | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

काकूंनी सगळं सांगितलंच. भर एवढीच : सुट्टीतही रोजचा पंप चालू, आरामाचा पंप खिशात, आणि फटाक्यांच्या धुरात उभं करू नका. धूर अ‍ॅलर्जन नाही, पण चिडक्या नळीला तेवढं निमित्त पुरतं. आकडा किती खाली आला तर काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. जवळचं इस्पितळ कुठे आहे ते आधी विचारून ठेवा.

जास्वंदी_ठाणे | १३ ऑक्टोबर, रात्री १०.१०

सासूबाईंना फोन केला. जूनपासून वहीचे फोटो पाठवत होतेच. त्या म्हणाल्या, माडी या आठवड्यात गड्याकडून झाडून घेते, पडवीत बाज आहे ती चालेल का?

पिशवी भरतेय. उशी, दोन अभ्रे, चादर, स्पेसर, दोन्ही पंप, मीटर, वही. परत आल्यावर आकडे टाकते.